नर्सिंगला नंबर लागला, पण पैसे नाहीत: शेत तारण ठेवण्याआधी काय पाहायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर लगेच सांगता येईल. धाकट्या बहिणीने बारावी सायन्स ६८ टक्क्यांनी पास केली, नर्सिंगची सीईटी दिली आणि कॅप राउंडमध्ये (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत) छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी कॉलेजात बीएस्सी नर्सिंगला तिचा ओबीसीतून नंबर लागला. घर हिंगोली जिल्ह्यात, तीन एकर कोरडवाहू, उत्पन्नाचा दाखला ९६ हजारांचा. कॉलेजने पहिल्या वर्षाचे १ लाख भरायला सांगितलेत (शिक्षण शुल्क ९० हजार, विकास शुल्क व इतर १० हजार) आणि रिपोर्टिंगला तीनच दिवस उरलेत. त्यातच ओळखीतला एक एजंट म्हणतोय, हे सोडा, बंगळुरूला चला. चार वर्षांचं ८ लाखांचं पॅकेज, राहणं-खाणं त्यातच, लोनही आम्हीच करून देतो, फक्त शेत तारण द्यावं लागेल. तेव्हा शेत तारण ठेवून कर्ज काढावं का, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर: नाही. कर्जच काढू नका असं मी म्हणत नाहीये. थोडं कर्ज कदाचित लागेलही. पण ८ लाखांचं नाही, आणि त्यासाठी शेताच्या सातबाऱ्याला हात लावायची तर अजिबात गरज नाही.

मी नर्सिंग कॉलेजच्या विद्यार्थी विभागात बरीच वर्षं शिष्यवृत्तीच्या फाइली हाताळते. दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत तुमच्यासारखेच भाऊ, वडील, मामा काउंटरवर येतात आणि पहिला प्रश्न ‘लोन कुठली बँक देते’ हाच असतो. मी त्यांना आधी विचारते, प्रवेश कुठल्या रांगेतून झालाय? कॅपमधून, संस्था पातळीवरून की मॅनेजमेंट कोट्यातून? कारण फी किती माफ होणार, भत्ता मिळणार का, बँक कागद किती मागणार, हे बहुतेक सगळं त्या एका गोष्टीवर ठरतं. तुमच्या बहिणीकडे कॅपचं अलॉटमेंट लेटर आहे. या घडीला तुमच्या घरातली ती सगळ्यात मोलाची वस्तू आहे. एजंटचं ऐकून ती जागा सोडलीत, तर पुढच्या सगळ्या सवलतीही त्या जागेबरोबरच जातील.

आता फीचं बघू. ८ जुलै २०२४ ला राज्य सरकारने एक शासन निर्णय काढला. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस या प्रवर्गांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत. २०२४-२५ पासून ती लागू आहे. त्याआधी या मुलींना निम्मीच सवलत होती. अट अशी, की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा आणि संस्था पातळीवरचे प्रवेश यात बसत नाहीत. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही बसत नाहीत. तुमची बहीण यात सरळ बसते. म्हणजे त्या ९० हजारांचा भार तुमच्यावर नाही, शासनावर आहे. आणि हे एका वर्षापुरतं नाही, दर वर्षी अर्ज नूतनीकरण करत राहिलात तर चारही वर्षं.

उरलेले १० हजार मात्र तुम्हालाच भरावे लागतील. विकास शुल्क, अनामत, लायब्ररी, ओळखपत्र, यातलं काही सवलतीत येत नाही. इथेच बरेच पालक चिडतात, ‘सरकारने फी माफ केली आणि तुम्ही पैसे मागता’ म्हणून. माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. पावतीवरचं प्रत्येक शीर्षक नाही. म्हणून कॉलेजकडून फीचा तपशील शीर्षकवार लेखी घ्या आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजला त्या वर्षासाठी मंजूर केलेल्या आकड्याशी पडताळून पाहा. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय फी पाहता येते. मंजूर फीपेक्षा जास्त रक्कम, किंवा पावतीशिवाय कुठलीही रक्कम, देऊ नका. कॅपिटेशन फी घ्यायला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे.

तीन दिवसांत १ लाख कसे उभे करायचे, ही तुमची खरी घालमेल दिसते. पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. तरी काही कॉलेजं मागतात. त्यांची बाजूही सांगते: शासनाकडून येणारी रक्कम त्यांनाही उशिरा मिळते, आणि शिक्षकांचे पगार महिन्याच्या महिन्याला करावे लागतात. अडचण खरी आहे, पण तिचा भार तीन एकरवाल्याने उचलावा असं नाही. तुम्ही काय करायचं? बहिणीला घेऊन समक्ष जा. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा: ‘मी कॅपमधून ओबीसी प्रवर्गात प्रवेश घेत असून ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार शिक्षण शुल्क सवलतीस पात्र आहे. माझ्याकडून शिक्षण शुल्क घेऊ नये, ही विनंती.’ सोबत उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर, अलॉटमेंट लेटर यांच्या प्रती जोडा. कॉलेज बहुधा हमीपत्र मागेल, की शिष्यवृत्तीचा अर्ज नामंजूर झाला तर फी आम्ही भरू. ते द्यायला हरकत नाही, आमच्याकडेही घेतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का असलेला कागद हातात असला की बोलणं बदलतं, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतेय.

तरीही अडून बसले तर सीईटी सेल आणि वैद्यकीय शिक्षण संचालनालयाकडे लेखी तक्रार करता येते. पण तक्रारीचा निकाल तीन दिवसांत लागेल यावर विसंबून राहू नका. जागा हातची जाऊ द्यायची नाही, हे पहिलं. वेळच आली तर जमेल तेवढी रक्कम पावती घेऊन भरा, बाकीचे हप्ते मागून घ्या, आणि शासनाची रक्कम कॉलेजला आली की भरलेले पैसे परत मागा. ती पावती जपून ठेवा.

आता फीपेक्षा कमी बोलला जाणारा खर्च. नर्सिंगला राहण्या-खाण्याचा खर्च फीपेक्षा जास्त त्रास देतो, कारण तो रोजचा आहे आणि तो उशिरा भरता येत नाही. हॉस्टेल आणि मेस मिळून महिन्याला साडेपाच हजार धरले तर वर्षाला ६६ हजार होतात. त्यात पहिल्याच वर्षी गणवेशाचे दोन-तीन जोड, बूट, स्टेथोस्कोप, बीपीचं यंत्र, पुस्तकं, प्रोसिजर बुक, केस बुक, शिवाय क्लिनिकल पोस्टिंगला जाण्या-येण्याचं भाडं. कम्युनिटी पोस्टिंग असलं की खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर जायचं, तिथे बस ठरलेल्या वेळेलाच. हे सगळं मिळून १९ हजार धरा. वरचे १० हजार मिळवले की वर्षाला साधारण ९५ हजार झाले. हा आकडा शहर, हॉस्टेल आणि मुलीच्या राहणीप्रमाणे बदलेल. तुमचा तुम्ही मांडा. कॉलेजच्या जुन्या विद्यार्थिनींना विचारलंत तर ऑफिसपेक्षा खरा आकडा कळेल.

या ९५ हजारांसाठी पहिला आधार आहे ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, शासकीय वसतिगृहात न राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही आहे. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर इथे शिकणाऱ्यांना वर्षाला ६० हजार, छत्रपती संभाजीनगरसारख्या विभागीय शहरात ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार आणि तालुक्याला ३८ हजार. ५१ हजारांची फोड अशी: जेवणाचे २८ हजार, राहण्याचे १५ हजार, निर्वाहाचे ८ हजार. उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख, तुमचा दाखला ९६ हजारांचा, म्हणजे बसता. बारावीला ६० टक्के हवेत, तेही आहेत. मात्र प्रत्येक जिल्ह्याला ६०० विद्यार्थ्यांचीच मर्यादा आहे आणि निवड गुणांवर होते. म्हणून ही रक्कम मिळेल असं धरून हॉस्टेलला शब्द देऊ नका. मिळाली तर उत्तम, आणि मिळाली तरी ती मेसचं बिल भरायच्या तारखेला येणार नाही. वर्ष सरत आल्यावर पैसे जमा झालेले मी कितीतरी वेळा पाहिलेत.

बहिणीला शासकीय वसतिगृह मिळत असेल तर आधी तेच घ्या. राहणं-जेवण तिथेच सुटतं आणि पैशांची वाट पाहत बसावं लागत नाही. फक्त वसतिगृह आणि आधार योजना दोन्ही एकदम मिळत नाहीत.

महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीच्या अर्जांचं शासनाचं पोर्टल. तिथला अर्ज कसा भरायचा हे व्हिडिओत सगळे सांगतात. अर्ज कुठे अडकतो, ते मी सांगते.

एक, बँक खातं. शिष्यवृत्तीचे पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातात असं वाटतं, पण ते आधार कार्डाशी शेवटचं जोडलेल्या खात्यात जातात. एका मुलीचे पैसे ‘जमा’ दिसत होते आणि तिच्या पासबुकात एक रुपया नव्हता. बऱ्याच शोधानंतर कळलं, की सिम कार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन तिचं एका पेमेंट बँकेत खातं उघडलं होतं आणि आधार तिकडे जोडलं गेलं होतं. पैसे तिथेच पडून होते. म्हणून आधारच्या संकेतस्थळावर कुठलं खातं जोडलंय ते आजच पाहून घ्या, आणि लहानपणी शाळेने काढलेलं खातं असेल तर ते चालू आहे का, त्याचं केवायसी झालंय का, तेही बघा.

दुसरं, अर्ज परत येतो आणि मुलीला पत्ता नसतो. कॉलेजच्या पातळीवर किंवा पुढे जिल्ह्याच्या कार्यालयात एखादा कागद अस्पष्ट दिसला की अर्ज विद्यार्थ्याकडे परत पाठवला जातो. मोबाइलवर संदेश येतो, पण बहुतेकदा अर्जाला नंबर नेट कॅफेवाल्याचा दिलेला असतो. मुलगी निर्धास्त, अर्ज तिच्याच लॉगिनमध्ये पडलेला, आणि मुदत संपते. नंबर बहिणीचाच द्या, पासवर्ड वहीत लिहून ठेवा आणि दर आठवड्याला एकदा लॉगिन करून स्थिती बघायला सांगा.

नावाचंही असंच. आधारवर एक, दहावीच्या मार्कलिस्टवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव तिसऱ्याच पद्धतीने. मराठवाड्यातल्या फाइलींत मला हे रोज दिसतं. दहावीची मार्कलिस्ट प्रमाण धरा आणि आधार तसं दुरुस्त करून घ्या. उलटं करायला गेलात तर बोर्डाच्या खेपा घालाव्या लागतील.

जात पडताळणीचं प्रमाणपत्र हातात आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल आणि कॉलेजने मुदत दिली असेल, तर ही मुदत बाकी सगळ्यापेक्षा गंभीर आहे. ते वेळेत आलं नाही तर राखीव जागेवरचा प्रवेशच धोक्यात येतो, आणि प्रवेश गेला की त्यावर मिळणारी सवलतही गेली. समितीच्या कार्यालयात अर्जाची पोच घेऊन स्वतः जा.

आता कर्ज. वर्षाचा खर्च ९५ हजार. घरून किती निघतील? आई-वडील मजुरीलाही जातात आणि तुम्ही कंपनीत कामाला आहात, असं तुम्ही लिहिलंय. वर्षाला २० हजार निघतात असं धरू. मग ७५ हजारांचा खड्डा राहतो, चार वर्षांचे ३ लाख. एवढंच कर्ज मंजूर करून घ्या. त्यातही मंजूर झालेली सगळी रक्कम उचलायचं बंधन नाही. शैक्षणिक कर्ज वर्षावर्षाने, गरजेप्रमाणे उचललं जातं; आधार योजनेचे पैसे ज्या वर्षी आले, त्या वर्षी कमी उचला. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं.

इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेप्रमाणे, जी बहुतेक सरकारी बँका पाळतात, ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असले की पुरतं. ७.५ लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची पतहमी योजना आहे, तिथेही तारण नाही. तारण मागितलं जातं ते ७.५ लाखांच्या पुढे. आता एजंटचा आकडा पुन्हा पाहा: ८ लाख. शेताचा विषय तुमच्या घरात आला तो या आकड्यामुळे, बहिणीच्या शिक्षणामुळे नाही. शिवाय थकीत कर्जासाठी तारण ताब्यात घ्यायचा अधिकार बँकांना देणाऱ्या ‘सरफेसी’ कायद्याच्या कक्षेत शेतजमीन येत नसल्याने बँका शैक्षणिक कर्जाला ती तारण म्हणून सहसा घेत नाहीत. मग एजंट शेत नेमकं कुणाकडे तारण ठेवायला सांगतोय, हे त्याला विचारा. उत्तर एखादी खासगी फायनान्स कंपनी किंवा सावकार असं आलं, तर तिथेच थांबा.

हिशेब मांडून दाखवते. व्याज १० टक्के धरू. दर वर्षी ७५ हजार उचलले, आणि शिक्षणाची चार वर्षं अधिक एक वर्ष हप्ता नाही. या काळात सरळ व्याज लागतं. पहिल्या ७५ हजारांवर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. बेरीज १ लाख ५ हजार. म्हणजे हप्ते सुरू होताना देणं ४ लाख ५ हजार. दहा वर्षांत फेडायचं तर महिना साधारण ५,३५० रुपये, सात वर्षांत फेडायचं तर ६,७०० च्या आसपास. तेच एजंटच्या पद्धतीने दर वर्षी २ लाख उचलले, तर हप्ते सुरू होताना देणं १० लाख ८० हजार आणि दहा वर्षांचा हप्ता महिना १४ हजारांच्या वर. आता हे तिच्या पगाराशेजारी ठेवा. खासगी रुग्णालयात नव्या नर्सला सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी १५ ते २० हजार मिळतात. ५ हजारांचा हप्ता भरून ती शहरात राहू शकते, आईला दोन पैसे पाठवू शकते. १४ हजारांचा हप्ता असेल तर पगार नुसता बँकेतून फिरून जाईल. सरकारी नोकरीत चित्र वेगळं असतं; एम्सच्या नॉर्सेट परीक्षेतून लागलेल्या नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगारच ४४,९०० पासून सुरू होतो. तिने ती परीक्षा जरूर द्यावी. पण कर्ज काढताना तो पगार गृहीत धरू नका.

व्याजाच्या सवलतींबद्दल. कुटुंबाचं उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल तर केंद्राच्या योजनेत शिक्षणाच्या आणि त्यानंतरच्या हप्ता नसलेल्या काळातलं व्याज शासन भरतं, म्हणजे वरचे १ लाख ५ हजार वाचू शकतात. पीएम विद्यालक्ष्मी ही नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली योजना निवडक दर्जेदार संस्थांसाठी आहे, आणि तिच्या ३ टक्के व्याजसवलतीतून दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना वगळलं आहे. शासन एकाच शिक्षणासाठी दोन हातांनी द्यायला तयार नसतं. तुमची बहीण फीची सवलत आधीच घेणार, म्हणून व्याजाची सवलत मिळणार नाही असंच धरून वरचा हिशेब केलाय. शाखेत लेखी विचारा. इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही आहे, देशातल्या शिक्षणासाठी १० लाखांपर्यंतच्या कर्जाला. हिंगोलीच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. यातलं काही मिळालं तर हप्ता हलका होईल, नाही मिळालं तरी हिशेब मोडणार नाही.

शाखेत जाताना एक अडचण येईल, ती आधीच सांगते. वडिलांचं पीककर्ज असेल आणि या वर्षी नवं-जुनं करायचं राहिलं असेल, तर बँकेच्या संगणकावर ते थकीत दिसतं आणि साहेब पहिल्याच मिनिटाला नाही म्हणतात. गावाकडच्या अर्ध्या नकारांमागे हेच असतं, मुलीच्या गुणांमागे नाही. जमलं तर ते खातं आधी नियमित करून घ्या. नसेल जमत, तर तुम्ही स्वतः, पगाराच्या पावत्या घेऊन, सहकर्जदार म्हणून पुढे या. बँक मान्य करते का विचारा. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर भरा, म्हणजे नकार दिला तर नोंद राहते, आणि ‘नंतर या’ असं तोंडी सांगून वाटेला लावता येत नाही. नकार लेखी मागा, कारणासह. कारण लिहायची वेळ आली की अनेक शाखा फाइल पुन्हा उघडतात.

बँक कर्जात काय धरते, तेही पाहून घ्या. हॉस्टेल, मेस, पुस्तकं, गणवेश, उपकरणं हे सगळं चालतं, फक्त कॉलेजच्या लेटरहेडवर खर्चाचं पत्रक लागतं. ते पत्रक आमच्यासारख्या ऑफिसातून मिळतं. मागताना शिक्षण शुल्काची सवलत त्यात स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर बँक ९० हजारही कर्जात धरेल आणि कॉलेजला पाठवून देईल.

बंगळुरूबद्दल दोन शब्द. तिथे चांगली कॉलेजं आहेत, आणि तिथून शिकून आलेल्या उत्तम नर्स माझ्या ओळखीच्या आहेत. माझा आक्षेप शहरावर नाही. राज्याबाहेर गेल्यावर मुलींची ही शुल्कसवलत लागू होत नाही, आणि एजंटच्या पॅकेजमध्ये त्याचं कमिशन असतं, जे शेवटी तुमच्याच कर्जातून जातं. कुठल्याही परिस्थितीत दहावी-बारावीच्या मूळ मार्कलिस्टा त्याच्या हातात देऊ नका. मूळ कागद अडकले म्हणून मन नसलेल्या कॉलेजात वर्ष काढणाऱ्या मुली मी पाहिल्यात.

तुमची परिस्थिती वेगळी असती तर माझं उत्तरही बदललं असतं, आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी तेवढं सांगते. अनुसूचित जातीच्या मुलीला २.५ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि राहण्यासाठी स्वाधार योजना. आदिवासी मुलीला पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. मॅट्रिकोत्तरमध्ये केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी कॉलेजला भरायची असते. तो पैसा घरखर्चाला वापरला गेला तर पुढच्या वर्षी मोठा पेच होतो. ओबीसी मुलाला अजून शिक्षण शुल्काची निम्मीच सवलत आहे, म्हणून मुलांचं कर्ज वाढतं. आणि प्रवेश संस्था पातळीवरच्या फेरीतून झाला असता, तर मी तुम्हाला तीन वर्षांच्या जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाचा, शासकीय संस्थेतला पर्याय गंभीरपणे बघायला सांगितलं असतं. त्यानंतर पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं.

पैसे अजिबातच नसतील, तर लष्करी नर्सिंग सेवेची बीएस्सी हा एक रस्ता आहे. पुण्याचं एएफएमसी (लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय), मुंबईचं नौदलाचं रुग्णालय आयएनएचएस अश्विनी अशा ठिकाणी अविवाहित मुलींना शिक्षण, राहणं, जेवण मोफत असतं आणि नंतर पाच वर्षं सेवेचं बंधन. पण त्यासाठी नीट लागते, म्हणून यंदा तुमच्यासाठी नाही. बारावीत असलेल्या मुलींच्या पालकांनी आत्ताच लक्षात घ्यावं. खासगी रुग्णालयांची काही कॉलेजंही नोकरीच्या बाँडवर फी कमी करतात. तिथे बाँड किती वर्षांचा, मोडला तर किती भरायचं आणि त्या काळात पगार किती, हे तिन्ही आकडे कागदावर असल्याशिवाय सही करू नये.

खासगी संस्थांच्या शिष्यवृत्त्यांवर मी फार भर देत नाही, कारण त्यात निश्चिती नसते. पण पहिल्या वर्षाच्या परीक्षेचा निकाल चांगला आला की तिला अर्ज करायला लावा. आणि हे वाचणाऱ्यांत कुणाची बहीण पुण्यात शिकणार असेल तर विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहांची माहिती काढा. १९५५ पासून खेड्यातल्या मुलामुलींसाठी ती संस्था काम करतेय.

आता तुमचे तीन दिवस. उद्या सकाळी सेतू केंद्रात जाऊन उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेअर यांच्या मुदतीच्या तारखा बघा; ३१ मार्चला संपले असतील तर नव्याचा अर्ज करून पोच घ्या. परवा बहिणीसोबत कॉलेजात, मूळ कागद, प्रतींचे दोन संच, तो अर्ज आणि १० हजार रुपये घेऊन. जागा पक्की झाली, पावती हातात आली, की मग महाडीबीटी, मग आधार योजना, आणि पंधरा दिवसांत बँक. पडताळणी प्रमाणपत्राचं काय झालंय आणि वडिलांच्या पीककर्जाची स्थिती काय आहे, या दोन गोष्टी कळवा, म्हणजे बँकेत कुणाला सहकर्जदार करायचं ते सांगता येईल.